किराण्याची यादी आणि घरातलं शेवटचं ताट

महिना भरायची यादी लिहिताना बहुतेक घरांत एक ठरलेला क्रम असतो. आधी गहू-तांदूळ, मग तेल, साखर, चहापूड, त्यानंतर डाळी आणि अगदी खाली शेंगदाणे, तीळ, खोबरं. पैसे कमी पडले की काट मारली जाते ती खालून वर. फळं तर यादीत लिहिलेलीच नसतात, म्हणून ती आधी जातात. मग दुधाची एक पिशवी कमी होते. शेंगदाणे किलोचे अर्धा किलो होतात. डाळ बंद होत नाही, पण वरण पातळ होतं. तांदूळ, गहू, तेल, साखर आणि चहा यांना मात्र शेवटपर्यंत कोणी हात लावत नाही. पोट भरणं पहिलं, हे खरंच. पण त्यामुळे ताटातून आधी उतरतात ते नेमके रक्त, हाडं आणि स्नायू घडवणारे जिन्नस.

बेताच्या पैशांत घराला सकस कसं जेवू घालायचं, या प्रश्नावर आपल्याकडे दोन ठाम उत्तरं ऐकू येतात. एक म्हणतं, सकस अन्न स्वस्तच असतं, लोकांना ते ठाऊक नसतं. दुसरं म्हणतं, ज्ञान सांगू नका, लोकांना परवडतच नाही. ही दोन्ही उत्तरं कुठपर्यंत खरी आहेत, हे बाजारभाव, सरकारी पाहण्या आणि स्वयंपाकघर यांच्या आधारे तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पुण्यात झालेला वाद

या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी आपल्या अगदी घराजवळ झाली. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळण्यासाठी किती खर्च लागतो, हा त्यांचा निकष होता. १९६०-६१ च्या भावांनी हा खर्च खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये निघाला. तेवढाही खर्च न करू शकणारे लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के होते.

त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे जागतिक अन्न व शेती संघटनेतली सेवा संपवून पुण्यात काम करत होते. जगभर तेव्हा प्रथिनांच्या टंचाईची हाकाटी चालू होती आणि कारखान्यातली प्रथिनयुक्त पावडर हा तोडगा सुचवला जात होता. सुखात्मे म्हणाले, धान्य आणि डाळीचं नेहमीचं जेवण माणसाला पोटभर मिळालं तर प्रथिनं बहुधा पुरतात; खरी अडचण पोटभर न मिळण्याची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांचाही निष्कर्ष याच दिशेचा होता. पुढे सुखात्म्यांनी मांडलं, की शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, म्हणून उपासमार मोजण्याची पट्टी खाली आणायला हवी. इथे मात्र वाद पेटला. दांडेकरांनी आपली पट्टी सोडली नाही. ‘अंगानं लहान, पण निरोगी’ या पुढच्या काळात आलेल्या कल्पनेला गोपालन यांनीही कडाडून विरोध केला. खुरटलेलं शरीर हे जुळवून घेण्याचं यश मानता येणार नाही, ती वंचनेची खूण आहे, ही त्यांची भूमिका होती.

या वादाचा एक परिणाम आजही आपल्या पिशवीत दिसतो. उष्मांक हेच माप ठरलं, आणि उष्मांकांचा सगळ्यात स्वस्त स्रोत म्हणजे धान्य. त्यामुळे सरकारी धोरणाने गहू आणि तांदूळ घरोघरी पोहोचवले आणि भूक बरीच हटवली. हे यश मोठं आहे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढलेली पिढी अजून हयात आहे. तिला हे यश कोणी समजावून सांगायला नको. पण पोट भरलं आणि तरीही शरीर उपाशी राहिलं, हे आपल्या पिढीचं दुखणं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता.

ताटाचं गणित

मग सकस ताट म्हणजे नेमकं काय? राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० उष्मांकांचं जे नमुना ताट सांगितलं आहे, त्यात दिवसाला अडीचशे ग्रॅमच्या आसपास धान्य, ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप येतं. चार माणसांच्या घराला हेच प्रमाण सरसकट लावलं, तर महिन्याला ३० किलो धान्य, १० किलो डाळ-कडधान्य, ४८ किलो भाजी, १२ किलो फळं, ३६ लिटर दूध, ४ किलो दाणे आणि ३ किलोच्या वर तेल लागतं.

आता भाव घालू. धान्य ४० रुपये, डाळी सरासरी ११० रुपये, भाजी ४५, फळं ७०, दूध ६०, दाणे १४० आणि तेल १५० रुपये धरलं, तर बेरीज सुमारे साडेआठ हजारांवर जाते. भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतील. ज्याने त्याने आपल्या बाजारचे भाव घालून पाहावेत. यात साखर, गूळ, चहा, मीठ-मसाला, गॅस धरलेला नाही. तो धरला की आकडा दहा हजारांजवळ येतो.

ही रक्कम कोणाला झेपते? केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत माणशी मासिक खर्च खेड्यात सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६ रुपये निघाला. त्यातला अन्नावरचा वाटा खेड्यात ४७ टक्के, शहरात जवळपास ४० टक्के. म्हणजे चौघांच्या सरासरी ग्रामीण घराचा अन्नखर्च पावणेआठ हजारांच्या घरात आणि शहरी घराचा अकरा हजारांच्या घरात. सरासरी घर काठावर आहे. नीट हिशोब केला तर त्याला सकस ताट जमू शकतं. पण २०२२-२३ च्या पाहणीत खेड्यातल्या सगळ्यात गरीब पाच टक्क्यांचा माणशी खर्च १,३७३ रुपये होता. चौघांचा मिळून साडेपाच हजार. त्यात भाडं, औषध, कपडे, शाळा, मोबाइल सगळं आलं. त्या घराने सगळे पैसे फक्त जेवणावर घातले तरी हे ताट पुरं होत नाही.

इतर अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतात. कल्याणी रघुनाथन, डेरेक हेडी आणि ॲना हेर्फोर्थ यांच्या अभ्यासानुसार २०११ साली ग्रामीण गरिबांपैकी ६३ ते ७६ टक्क्यांना शिफारस केलेला आहार परवडत नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अन्नसुरक्षा अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये निम्म्याहून अधिक भारतीयांना सकस आहार आवाक्याबाहेर होता. याउलट २०१९-२० च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने थाळीच्या किमतीचा अभ्यास करून सांगितलं, की २००६-०७ पासूनच्या काळात कामगाराच्या कमाईच्या मानाने शाकाहारी थाळी २९ टक्क्यांनी अधिक परवडणारी झाली. हे आकडे एकमेकांना खोडत नाहीत. एका बाजूला डाळ-भात-भाजी-पोळीची थाळी मोजली आहे, दुसऱ्या बाजूला दूध, फळं, दाणे यांसकट पूर्ण आहार. थाळी जवळ आली, पण पूर्ण आहार अजून लांब आहे.

शंभर रुपयांत किती प्रथिनं?

काठावरच्या घरांना सगळ्यात जास्त उपयोग होतो तो प्रथिनांचा भाव कळल्याचा. शंभर रुपयांची हरभरा डाळ, किलोला ९० रुपयांनी, सुमारे २३० ग्रॅम प्रथिनं देते. कुळीथही त्याच पंक्तीत बसतात. शेंगदाणे १३० रुपये किलो असतील तर १९० ग्रॅम, तूरडाळ १४० रुपयांनी १५५ ग्रॅमच्या आसपास. सात रुपयांचं एक अंडं सहा ग्रॅम देतं, म्हणजे शंभर रुपयांत ८५ ग्रॅम. दूध ५०-५५ ग्रॅम देतं आणि चारशे रुपये किलोचं पनीर ४५ ग्रॅम. सगळ्यात वर सोयाबीनच्या वड्या: १४० रुपये किलोच्या भावाने साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे. देशात सोयाबीन पिकवण्यात महाराष्ट्र आघाडीवर असूनही ते आपल्या ताटात तेलाखेरीज फारसं येत नाही.

तूर महागली की घराघरांत वरण पातळ होतं, ही खरं तर तुरीवरच अडून बसण्याची किंमत आहे. आपल्या स्वयंपाकाला हरभरा, मूग, मटकी, चवळी, मसूर, वाटाणे, पावटे, वाल, हुलगे हे सगळं ठाऊक आहे. पिठलं, झुणका, मटकीची उसळ, हुलग्यांचं माडगं, कोकणातली कुळथाची पिठी, हरभऱ्याच्या घुगऱ्या हे गरिबीतून आलेले पदार्थ असतील, पण पोषणाच्या कसोटीवर ते श्रीमंत आहेत. धान्यातल्या प्रथिनांत जो घटक कमी पडतो तो डाळ भरून काढते, आणि डाळीची उणीव धान्य भरतं. तीन वाटे धान्याला एक वाटा डाळ, हे आहारशास्त्रज्ञांचं प्रमाण खिचडीत आणि झुणका-भाकरीत आपोआप जमून येतं.

कडधान्याला मोड आणले की क जीवनसत्त्व वाढतं आणि त्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं. उसळीवर लिंबू पिळण्याचंही कारण हेच. जेवणाला लागून घेतलेला चहा मात्र हेच लोह शरीरात पुरेसं जाऊ देत नाही. तो तासाभराने प्यावा. यातल्या कशालाही जास्तीचा पैसा लागत नाही.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. ब-१२ जीवनसत्त्व डाळींत आणि भाज्यांत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. म्हणून दूध परवडेल तेवढं आणि खाणाऱ्या घरांत आठवड्याला माणशी दोन-तीन अंडी, हे काटछाटीतूनही वाचवावं. किनारपट्टीवर सुकट, जवळा, सुके बोंबील यांनी पावसाळ्यातली पिढ्यान् पिढ्यांची गरज भागवली आहे. मूठभर सुकट कांद्याबरोबर परतली की अख्ख्या घराचं कोरड्यास होतं.

लहान मुलांसाठी महागड्या पावडरींचे डबे घेणाऱ्यांनी राष्ट्रीय पोषण संस्थेचं ‘हैदराबाद मिक्स’ लक्षात ठेवावं: भाजलेले गहू ४० ग्रॅम, हरभरा डाळ १६ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम, गूळ २० ग्रॅम. एवढ्यात सुमारे ३३० उष्मांक आणि ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात. आपल्या आज्यांनी केलेलं लाडवाचं पीठ याहून फार वेगळं नव्हतं.

ज्वारीची उलटी चाल

महाराष्ट्राच्या ताटाची सगळी कहाणी एका धान्यात पाहायची असेल तर ज्वारी पाहावी. सोलापूर, मंगळवेढा, मराठवाडा, नगर या पट्ट्याचं जोंधळा हे रोजचं अन्न होतं आणि कडबा हे जनावरांचं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, पाणी आलं तिथे ऊस आला, आणि रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ मिळू लागल्यावर ज्वारी पिकवणाऱ्याच्या घरातही पोळी-भात शिरला. आज अनेक बाजारांत ज्वारी गव्हाहून महाग आहे. जी भाकरी गरिबाची होती, ती आता मधुमेहाला घाबरलेल्या सुखवस्तू घरांत आवडीने खाल्ली जाते आणि मजुराच्या घरी रेशनचा तांदूळ शिजतो.

२०२३ हे वर्ष जगाने भरड धान्य वर्ष म्हणून साजरं केलं. त्या निमित्ताने पाककृती स्पर्धा बऱ्याच झाल्या. गरिबाच्या पिशवीत भाकरी परत आली का, ही खरी कसोटी होती. पोषणाच्या बाजूने भरड धान्यांची बाजू भक्कम आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. दूध कमी करावं लागणाऱ्या घरात नाचणीची भाकरी किंवा आंबील म्हणूनच महत्त्वाची. बाजरीत लोह चांगलं असतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने आलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण तर मुद्दाम जास्त लोहासाठी तयार केलेला आहे. सगळं धान्य बदलायची गरज नाही. रेशनचा तांदूळ-गहू राहू द्यावा आणि विकतच्या धान्यात ज्वारी, बाजरी, नाचणी घ्यावी, हे बजेटमध्ये बसतं.

भाजी: हंगाम हाच दर

ताटाच्या हिशोबात भाजीचा भार दुधाइतकाच मोठा आहे, आणि भाजीच्या भावात सगळ्यात जास्त चढ-उतार असतो. त्यामुळे इथे कौशल्याला वाव आहे. बारा महिने टोमॅटो, फ्लॉवर, सिमला मिरची पाहिजेच असं ठरवलं की खर्च हाताबाहेर जातो. हंगाम पाहून शेपू, चाकवत, माठ, राजगिरा, अंबाडी, करडई, मेथी, दुधी, भोपळा, दोडका घेतला की तोच पैसा जास्त दिवस पुरतो. शेवग्याचा पाला अनेक गावांत आजही फुकट मिळतो. कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व यांच्या बाबतीत त्याच्याशी बरोबरी करणाऱ्या भाज्या थोड्याच. फळांतही सफरचंदाचा हट्ट सोडून केळी, पेरू, बोरं, आवळा, सीताफळ, पपई घ्यावी. एका पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी जास्त असतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला ठाणे-पालघरच्या बाजारात आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं घेऊन बसतात. हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांच्याच मुलांत कुपोषण सर्वाधिक असावं, ही आपल्या राज्याला लाज वाटावी अशी गोष्ट आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाल, भाज्या आणि धान्यांचं बियाणं जपून परसबागा उभ्या केल्या आणि त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचा अर्थ साधा आहे: ज्या भाजीचं बियाणं घरात आहे, तिचा भाव बाजाराला ठरवता येत नाही. दारात चार हात जागा असलेल्या घराला हे उत्तर लागू पडतं. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांना ते सांगण्यात अर्थ नाही.

तेल, साखर आणि लटकते पुडे

मग डाळ, अंडी, भाजी यांसाठी पैसा आणायचा कुठून? बऱ्याच घरांत तो यादीतच दडलेला असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मते माणशी वर्षाला १२ किलो तेल पुरे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे आपला सरासरी वापर १९.७ किलो आहे, अर्थात त्यात बाहेरच्या खाण्यातलं तेलही आलं. चौघांच्या घराचा वापर साडेसहा किलोवरून महिन्याला चार किलोवर आला, तर पावणेचारशे रुपये सुटतात. त्यात चार किलो हरभरा डाळ येते.

दुसरी गळती पुड्यांची. १९९९-२००० साली ग्रामीण घराच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा २२ टक्के होता. आता तो पाच टक्क्यांच्या आसपास आहे. सुटलेला हा पैसा डाळी-भाज्यांकडे जायला हवा होता. २०२३-२४ च्या पाहणीत अन्नखर्चातला सगळ्यात मोठा गट निघाला तो पेयं, अल्पोपाहार आणि तयार खाद्यपदार्थांचा: एकूण खर्चाच्या खेड्यात जवळपास १० आणि शहरात ११ टक्के. पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा स्वस्त वाटतो, पण किलोचा भाव काढला तर तो हरभरा डाळीहून महाग पडतो आणि मिळतो तो मैदा, साखर आणि पामतेल. दोन मुलांना रोज दहा-दहा रुपये खाऊला दिले तर महिन्याचे सहाशे होतात. तेवढ्यात तीस अंडी, दोन किलो शेंगदाणे आणि अडीच किलो गूळ येतो.

यात मुलांना किंवा आयांना दोष देण्याचं कारण नाही. वाडीतल्या टपरीपर्यंत पुडा रोज पोहोचतो. ताजं फळ पोहोचत नाही. जाहिराती साखरेच्या पावडरीला ‘हेल्थ’चं नाव देत राहिल्या आणि शेवटी २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राला ऑनलाइन विक्रेत्यांना सांगावं लागलं, की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका.

यादीत न दिसणारी किंमत

स्वस्त आणि सकस या दोन शब्दांबरोबर एक तिसरी गोष्ट नेहमी येते: वेळ. मटकी आदल्या दिवशी भिजत घालायची, मोड आणायचे, शेपू निवडायचा, धुवायचा, दळण आणायचं, भाकरी एकेक करून थापायची. २०२४ च्या वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं, पुरुष ८८ मिनिटं. दिवसभर खुरपून किंवा दोन लोकल बदलून घरी आलेल्या बाईला ‘पॅकेट नको, उसळ कर’ असा सल्ला देणारा लेख तिच्या पैशांत बचत दाखवतो आणि तिच्या झोपेतून वसुली करतो. सकस स्वयंपाक हवा असेल तर भाजी निवडणं, दळण आणणं, कडधान्य भिजवणं ही घरातल्या पुरुषांची आणि मोठ्या मुलांचीही कामं झाली पाहिजेत.

दुसरी छुपी किंमत हातात एकरकमी पैसा नसण्याची. ऐपतदार घर उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवतं, डाळ पाच-पाच किलो घेतं. रोजंदारीवरचं घर पावशेर तेल, दहा रुपयांची डाळ असं रोज आणतं आणि किलोमागे जास्त मोजतं. या घराला कसं वाचवावं हे शिकवायची गरज नाही, त्याला भांडवल हवं. महिला बचत गटांनी हंगामात एकत्र धान्य-कडधान्य खरेदी करून वाटून घेणं हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे, आणि गट गावोगावी आधीच उभे आहेत.

पिशवीत डाळ कधी येणार?

तळातल्या घरांचा प्रश्न कोणत्याही काटकसरीने सुटत नाही, हे वर आकड्यांत आलंच. तिथे शासनाची पिशवीच लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य दिलं. महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी लोक त्यात येतात आणि २०२३ पासून ते मोफत आहे. ५ किलो म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम, सकस ताटाच्या धान्याचा दोन-तृतीयांश वाटा. हा मोठाच आधार आहे. पण ताटातले बाकीचे सहा जिन्नस त्या पिशवीत नाहीत.

कायद्यात किलोला एक रुपया दराने भरड धान्य देण्याची तरतूद पहिल्यापासून होती. कर्नाटकाने रेशनवर नाचणी आणि ज्वारी दिली. ओडिशाने २०१७ मध्ये मिलेट मिशन सुरू करून नाचणी शेतकऱ्याकडून घेतली आणि रेशनवर आणली. तमिळनाडू गेली अनेक वर्षं सवलतीत तूरडाळ देत आहे. महाराष्ट्राने २०२२ च्या दिवाळीपासून ‘आनंदाचा शिधा’ दिला: शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि तेल. सणाला घरात गोड होणं ही चांगलीच गोष्ट. पण त्या चार जिन्नसांतली हरभरा डाळ दिवाळीपुरती न ठेवता बारा महिने दिली, तर तिचा उपयोग कितीतरी मोठा होईल.

शिवभोजन थाळीचंही तसंच. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात मिळू लागला. शासन त्यावर शहरात ४० आणि ग्रामीण भागात २५ रुपये अनुदान धरत होतं. त्या थाळीने कष्टकऱ्यांचं पोट भरलं. त्यात एक वाटी उसळ घातली असती तर ती थाळी पोषणाचीही झाली असती. शाळेतल्या आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्याचा निधी थांबवला. सात रुपयांचं अंडं ज्या घरात कधी येत नाही, तिथल्या मुलासाठी शाळेतलं ते अंडं हाच आठवड्यातला ब-१२ चा आधार होता. हा निर्णय चुकीचा होता आणि तो बदलला पाहिजे.

हिशोबाची बेरीज

तर सुरुवातीच्या दोन उत्तरांचा निवाडा असा. मधल्या उत्पन्नाच्या घराला सकस जेवण परवडतं. त्याला यादीचा क्रम बदलावा लागेल. रेशनचं २० किलो धान्य मिळणाऱ्या चौघांच्या घराने १६ किलो ज्वारी-बाजरी-नाचणी, ८ किलो मिश्र कडधान्यं, ३६ किलो हंगामी भाजी, ८ किलो स्थानिक फळं, १५ लिटर दूध, ३० अंडी, ३ किलो शेंगदाणे-तीळ-जवस आणि ३ किलो तेल घेतलं, तर वर धरलेल्या भावांच्या आसपास ते साधारण पावणेसहा हजारांत बसतं. हे आदर्श ताट नाही, पण त्याच्या बरंच जवळचं आहे. तळातल्या घरांना मात्र हेही परवडत नाही. त्यांना आहाराचे धडे देण्याआधी रेशनवर डाळ, भरड धान्य आणि शाळा-अंगणवाडीत अंडं दिलं पाहिजे.

आणि एक गोष्ट दोन्ही प्रकारच्या घरांना लागू आहे. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. मासिक पाळी आणि बाळंतपण ही त्याची मोठी कारणं आहेतच. पण घरातलं शेवटचं ताट कोणाचं असतं, हेही आपल्याला माहीत आहे. वाटीभर उसळ चौघांत वाटून संपली, की पाचवीला भाताबरोबर तळाचा रस्सा उरतो.

म्हणून पुढच्या महिन्याची यादी खालून लिहायला घ्या. आधी कडधान्य, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी, मग धान्य, शेवटी तेल आणि साखर. काट मारायची वेळ आली तर तीही त्या शेवटच्या ओळींवर मारा. आणि जेवताना सगळ्यांची ताटं एकदमच वाढा, जिने स्वयंपाक केला तिचंसुद्धा.